अंड्यातल्या पिल्लाची मान

संग्रहालयाच्या मागे, जिन्याखालच्या खोलीत, मॉडेलवाल्या बाई डायनासोरच्या अंड्यातलं पिल्लू तिसऱ्यांदा घडवत होत्या. पहिल्या पिल्लाला खवले केले होते, तर जीवाश्म विभागाच्या मॅडम जिना उतरून आल्या. "पिसं हवीत हो." ते मोडलं. दुसऱ्याला पिसं लावली, तर अंडंच चुकलं. बाईंनी गोल केलेलं, आणि खरं अंडं लांबोळकं असतं असं निघालं.

"जगात कुठेही कुणी डोंगर फोडला, की इथे माझं अंडं फुटतं," बाई घरी वैतागून म्हणाल्या.

नवरा शिंपी. मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "गिऱ्हाईक सारखं मापं बदलतंय म्हण की."

"गिऱ्हाईक मरून कोट्यवधी वर्षं झाली, तरी बदलतंय!"

तिसरं मात्र मनासारखं जमलं. तारेच्या सांगाड्यावर प्लास्टर, त्यावर जुन्या टूथब्रशने उठवलेली ओली पिसं, डोकं दोन पायांमध्ये दुमडलेलं. मिटलेली पापणी त्यांनी रफूच्या सुईने कोरली होती. कवचाचा अर्धा भाग उघडा ठेवून पिल्लू दाखवायचं ठरलं होतं. सोमवारी नवं दालन उघडणार होतं. आधीची दोन कचऱ्यात गेली. हे एक तरी लोकांनी बघावं, एवढंच बाईंना हवं होतं.

शुक्रवारी मॅडम धावतच आल्या. चेहरा नुसता फुललेला. "अहो बाई, नवीन सापडलंय! आजवरचा सगळ्यात पूर्ण गर्भ. विक्रमच आहे!"

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "माझं काय मोडायचं?"

मॅडम ओशाळल्या. "मान. डोकं पायांमध्ये नाही, उजव्या पंखाखाली आहे."

"आता? पाटीवर लिहा ना, की आत्तापर्यंत असं समजत होतो म्हणून."

"पाटी कोण वाचतं हो? फोटो काढतात आणि जातात. चुकीचं नाही ठेवता येणार मला." मॅडम जरा वेळ त्या पापणीकडे बघत राहिल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण त्याचा बाईंना काय उपयोग? "असं करू या, अंडं बंदच ठेवू. अख्खं. आत पिल्लूच नको, म्हणजे कसं बसलंय हा वादच नको."

वाडग्यातलं प्लास्टर चमच्यासकट घट्ट झालं, तरी बाई तशाच बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिल्लू उचललं. मोडायला हात धजेना. शेवटी ते कवचात ठेवलं, वर दुसरा अर्धा भाग बसवला, सांधा लिंपला आणि बोटाला लागेनासा होईतो पॉलिश पेपरने घासला. कुणाला काही सांगितलं नाही.

सोमवारी गर्दी उसळली, ती सगळी मोठ्या सांगाड्यापुढे. अंड्यापाशी एक गृहस्थ रेंगाळले. बोटाने टकटक करून त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, "आत काय आहे हो?"

"काही नाही साहेब. प्लास्टरचं आहे, पोकळ."

"पोकळ नाहीये!"

बाई खांबाआडून इतक्या जोरात ओरडल्या, की पाहुण्यांशी बोलणाऱ्या मॅडमसुद्धा वळल्या.

"मग काय आहे?" गृहस्थांनी विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं. सांगितलं, तर मॅडम उद्याच अंडं फोडायला लावतील. नाही सांगितलं, तर ते जन्मभर पोकळच राहणार. मॅडम टक लावून बघत होत्या.

"अंडं आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "अंड्यात काय असतं?"

"बलक!" गृहस्थ स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले आणि सांगाड्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

बाई तरातरा जिना उतरल्या आणि खोलीचं दार असं आपटलं, की फळीवरचे ब्रश खाली पडले.