चाळीस मीटर आणि दोन

दादा, तुला विचारून तुझ्याबद्दल लिहावं, तर ती सोय आता राहिली नाही. गुळमुळीत लिहिणं मला जमत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा झालं ते सांगते.

दादा पाणीपुरवठा कार्यालयात इंजिनिअर होता. कितीही लांबलचक समीकरण येवो, चष्मा कपाळावर सरकवून तो आधी सगळ्यांत मोठं पद हुडकायचा. "बाकीची चिल्लर सोडा! ट्रक तोलताना ड्रायव्हरच्या खिशातली काडेपेटी काढून ठेवता का?" हाताखालचे हसायचे. उत्तर तीन मिनिटांत, तेही बरोबर.

टेकडीवरच्या वस्तीला पाणी द्यायचं होतं. चढण चाळीस मीटर. नळातल्या घर्षणापायी आणखी जेमतेम दोन मीटर चढणीइतका जोर लागणार. दादानं दोन खोडले, पंप जरासा जास्तीचा घेतला. पाणी धो धो चढलं. कार्यालयानं 'घर्षण सोडावे' असा तक्ताच भिंतीवर चिकटवला.

वस्ती वाढली. तीस वर्षांत त्याच नळातून पाचपट पाणी ढकलायची वेळ आली, आणि पंप तक्ता बघूनच घेतले गेले. पाणी पाचपट, की घर्षण पंचवीसपट. दोनाचे पन्नास झाले, चढणीपेक्षाही जास्त. पाणी अर्ध्या टेकडीवर अडलं.

निवृत्त दादाचं घर नेमकं माथ्यावर. एका हातानं गुडघा धरून बादली वर आणणाऱ्या वहिनी एकदाच म्हणाल्या, "अहो, तुमची काडेपेटी फार जड झाली हो." त्या दिवसापासून दादा जेवताना मान वर करीना.

मग त्याला अर्धांगवायू झाला. अशात कळलं, की नवा नळ टाकायचाय आणि मापं जुन्याच तक्त्यावरून काढलीत. शुक्रवारी मंजुरी, की लगेच नळ येणार. दादानं डाव्या हातानं, एकही पद न सोडता, अख्खं गणित पुन्हा मांडलं. नळाची रुंदी दुप्पट हवी होती.

"सोमवारी साहेबांच्या हातात दे. टपालात टाकू नकोस."

"देते रे. एका कागदावाचून कोण अडलंय?"

सोमवारी माझे डोळे तपासायचे होते. मंगळवारी पाहुणे. मग कंटाळा, खोटं कशाला बोलू? शनिवारी टेकडीखाली नळ येऊन पडले, अरुंदच.

"दिलास ना?" दादानं विचारलं.

"दिला."

"वाचूनही अरुंदच घेतले?" तो एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे वळला. पुढे चार महिने जगला. आकड्याचं नाव काढलं नाही.

मी कार्यालयाची पायरी चढलेच नव्हते.