हरलेल्यांतली नशीबवान

सकाळपासून आम्ही दोघी कुणाची तरी पोरगी आजारी पडण्याची वाट बघत होतो. मुंबईतल्या एका क्लबात, टेनिसच्या मैदानाबाहेर मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. माझी मुलगी बूट घालून, गुडघ्याला पट्टी बांधून तयार. मी हातात माळ घेऊन. देवाकडे काय मागत होते ते मला चांगलं ठाऊक होतं आणि त्याची लाज वाटत नव्हती.

आदल्या दिवशी ती हरली होती. मुख्य स्पर्धेत शिरायला आधी पात्रतेच्या फेऱ्या खेळाव्या लागतात, त्यातल्या शेवटच्या फेरीत. पण तिथे एक नियम आहे. मुख्य स्पर्धेतल्या कुणी ऐनवेळी माघार घेतली, तर या हरलेल्यांतल्या एकीला आत घेतात. तिला लकी लूझर म्हणतात. मी चौथी शिकलेली. मुलीला अर्थ विचारला. ती म्हणाली, "हरलेल्यांतली नशीबवान." हे नाव ज्याने ठेवलं त्याच्या घरात कुणी हरलेलं नसणार.

आत गेली आणि एक सामना जिंकली, तर तिला एक गुण मिळणार होता. हे गुण वर्षभर टिकतात, मग गळतात. तिचे जुने गुण येत्या सोमवारी गळणार होते. नवा मिळाला नाही तर जगाच्या क्रमवारीतून तिचं नाव जाणार. फार वरचं नाव नव्हतंच ते. शेकड्यांनी पोरी तिच्या पुढे होत्या. पण होतं. एकतिसाव्या वर्षी गेलेलं नाव परत येत नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

हा खेळ आमच्या घरात माझ्या नवऱ्याने आणला. तो दुसऱ्या एका क्लबात मार्कर होता. सभासदाला खेळायला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळणारा पगारी माणूस म्हणजे मार्कर. सभासद जिंकावा एवढं बेताने खेळायचं, ही त्याची नोकरी. घरी मात्र पोरीला त्याने कधी काही सोडलं नाही. गिरीज गावातल्या आमच्या घरामागच्या भिंतीवर ती चेंडू मारत बसायची आणि चुकलेले चेंडू केळीच्या बुंध्यांतून मी वेचायची. तो गेल्यावर स्पर्धांना तिच्याबरोबर मी जायला लागले. मला खेळातलं कळत नाही. ती हरणार हे तिच्या खांद्यांवरून कळतं.

त्या दिवशी शेजाऱ्याच्या भाजीच्या टेम्पोतून आलो होतो. मागे पालक आणि मुळे, पुढे आम्ही. येताना वाडीतल्या शहाळ्यांचं पाणी थर्मासमध्ये भरून घेतलं होतं. नंबर लागला असता तर तिला खेळताना लागलं असतं.

थोड्या वेळाने एक परदेशी पोरगी येऊन आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. अठराची असेल. चेहरा राखेसारखा. उठली, कुंडीत ओकली आणि परत येऊन बसली. मी मुलीला कोपराने ढोसलं. स्पर्धेचा माणूस येऊन त्या पोरीला काहीतरी विचारून गेला. मुलीने मला सांगितलं, तो विचारत होता खेळणार की माघार घेणार, आणि ती म्हणाली थोडं थांबा. औषधपाणी बघणारी बाई दुसऱ्या मैदानावर अडकलेली. माझी माळ भरभर चालली.

"आई, तिला पाणी दे," मुलगी म्हणाली.

"ते तुझं आहे."

"दे म्हणते ना."

मी दिलं नाही. थर्मास मांडीवर घट्ट धरून बसले. तिने तो माझ्या हातातून ओढून घेतला, झाकणात पाणी ओतलं आणि त्या पोरीला घोट घोट पाजलं. पोरीने अजून मागितलं. हिने अजून दिलं. थर्मास रिकामा झाला. पोरीच्या तोंडावर हळूहळू रंग आला, तिने केस बांधले आणि ती मैदानात गेली. सुरुवातीला पाय ओढत होती. मग खेळायला लागली, आणि जिंकली. बाहेर येऊन माझ्या मुलीच्या गळ्यात पडली. माझ्याकडे बघूनही हसली. मी हसले नाही.

परतताना मी मुलीला विचारलं, तुला आत जायचं नव्हतं का.

"जायचं होतं."

"मग?"

"ती एकटी आली होती, आई."

माझ्या मते हे काही उत्तर नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

सोमवारी सकाळी तिने स्वयंपाकघरात उभं राहून फोन बघितला, ओट्यावर पालथा ठेवला आणि वाडीत जाऊन केळींची सुकलेली पानं कापत राहिली. मी जेवायला हाक मारली तेव्हा आली. जेवली. पुढच्या स्पर्धेचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. मध्ये एका लग्नात जावेने मला विचारलं, "काय गं, तुझी अजून बॅडमिंटन खेळते का?" नाही म्हटलं. खोटं बोलले नाही.

आता ती संध्याकाळी बोळिंजच्या एका कॉम्प्लेक्समध्ये शिकवायला जाते. पोरांना धावायला नको असतं आणि त्यांच्या आयांना फोटो हवे असतात. एकदा तिला डबा द्यायला गेले तेव्हा जाळीबाहेरून थोडा वेळ बघत राहिले. एक मुलगा हरायला लागला की रडायचा. तिने दोन चेंडू मुद्दाम जाळीत मारले. मुलगा जिंकला, आई टाळ्या वाजवायला लागली. चेंडू जाळीत मारताना मनगट वळवायची ती तऱ्हा तिच्या बापाची होती. मी डबा वॉचमनकडे दिला आणि घरी आले.

चर्चमधल्या बायका मला म्हणतात, पोरीसाठी तू फार सोसलंस. मी काही सोसलेलं नाही. खेळली ती, हरली ती. पाणीही तिनेच दिलं. मी बाजूच्या खुर्चीवर बसले होते.