मध्येच थांबणारी गुणगुण

पडदे शिवणाऱ्या ताईच्या तोंडी लागू नये, असं सगळी गल्ली म्हणायची आणि पडदे मात्र तिच्याकडेच टाकायची. तिच्या हातची एक चुणी दुसरीपेक्षा कधी जाड पडत नसे. खिडकीचं माप ती स्वतः जाऊन घ्यायची. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या आकड्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "तुमच्या मापाने शिवला तर पडदा गुडघ्यावर येईल," असं तोंडावर सुनवायची.

त्या दुपारी ती दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात स्टुलावर चढली होती. पेशंट नव्हते. पन्नाशीचे डॉक्टर डबा संपवून आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर गेम खेळत बसले होते. स्पीकरमधून आधी नुसती घरघर आली. मग एका बाईची गुणगुण. ताईच्या हातातून टेप सुटली.

आवाज तिचाच होता.

"हे काय लावलंय?" तिने दरडावून विचारलं.

कुणी विचारलं याचाच डॉक्टरांना आनंद झाला. "पाण्यात बुडालेलं हॉस्पिटल आहे हे. गुडघाभर पाणी, अंधार, चिटपाखरू नाही. ना ढोल, ना व्हायोलिन. खाली ती घरघर आणि वर ही बाई. ऐका, आता थांबेल... थांबली! दर वेळी वाटतं, सूर पुरा करेल. करतच नाही! दात कोरत असलो तरी डोक्यात हेच चालू असतं माझ्या."

"ती घरघर ऑक्सिजनच्या मशीनची आहे," ताई म्हणाली. काम अर्धवट टाकणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने उरलेली खिडकी मोजली, आकडे टिपले आणि चपला पायात सरकवून निघून गेली.

ताईची आई जाऊन पाच वर्षं झाली होती. त्याआधीचे अकरा महिने ती अंथरुणाला खिळून होती, उशाशी ऑक्सिजनची मशीन घरघरत असायची. तिचं अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं ताईच्या गळ्यात. धाकटा भाऊ गेमच्या कंपनीत संगीत द्यायचा. रविवारी यायचा, पलंगाशेजारच्या खुर्चीत फोन धरून बसायचा आणि चहा पिऊन जायचा. ताईला वाटायचं, मेसेज बघतोय. आईला धीर यावा म्हणून ती गुणगुणायची. चाल आईचीच होती. लहानपणी ताईची वेणी घालताना आई ती गुणगुणायची. शब्द तिला कधीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई थेट धाकट्याच्या ऑफिसात धडकली. भिंतींना फोम चिकटवलेल्या खोलीत तो, आणखी दोघं जण आणि त्यांची मॅडम बसली होती.

"ताई? तू इथे?"

"का? माझा आवाज चालतो, मी चालत नाही?"

धाकट्याचा चेहरा खर्रकन उतरला. "बाहेर बोलू या."

"इथेच बोल. चोरी इथेच खपवलीस ना?"

"चोरी काय गं! गेममधल्या त्या टप्प्यासाठी मी संगीताचे चाळीस तुकडे केले होते. बासरी झाली, पियानो झाला, सगळं छान. पण दुसऱ्या दिवशी एकही आठवायचा नाही. मग तुझा लावला आणि हे सगळे गप्प झाले. तू शेवटच्या सुराच्या अलीकडे थांबतेस ना, तिथे ऐकणारा अडकतो. असं ठरवून करता येत नाही. मी करून बघितलं."

"मी का थांबत होते, सांगितलंस यांना?"

धाकटा उठून दार लावायला गेला.

"मग मी सांगते." ताई मॅडमकडे वळली. "तिथे मी आईला उचलत होते. मरणाच्या दारातलं माणूस एकटीने उचलताना गाता येत नाही. दम लागतो. आणि हा हातावर हात ठेवून बसला होता. नाही, चुकले. एका हातात फोन होता."

मॅडमने मान खाली घातली. "आम्हाला खरंच कल्पना नव्हती."

"मला तिथे काहीच जमत नव्हतं, ताई," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "आई जाणार हे कळत होतं. काहीतरी राहावं म्हणून..."

"राहावं म्हणून बाजारात मांडलंस? काढून टाक ते. आणि रडायचं असेल तर घरी जाऊन रड. माझी कामं खोळंबलीत."

दोन महिन्यांत तो तुकडा गेममधून गेला. त्या जागी तीच चाल एका तयार गायिकेकडून गाऊन घेतली. ताई पडदे लावायला दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टर करवादले होते. "वाट लावली! आता बाई सूर पुरा करते. गळा गोड आहे, पण अंगावर काटा येत नाही. एकदा ऐकलं आणि झालं."

"बरं झालं," ताई म्हणाली आणि पडद्याच्या कड्या दांडीत ओवत राहिली.

धाकट्याने मूळ रेकॉर्डिंग तिच्या फोनवर पाठवलं होतं, पूर्ण चाळीस मिनिटांचं. आठवडाभर तिने त्याला हात लावला नाही. मग एका सकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेऊन तिने ते लावलं. घरघर, भांड्यातलं पाणी, तिची गुणगुण. गुणगुण थांबली. गेममधला तुकडा इथेच तोडलेला होता. पुढे तिचाच आवाज आला, कडाडून: "सरक ना गं! किती जड झालीस! मरेन मी एक दिवस तुझ्यापायी!" आणि आईचा बारीक आवाज, "सरकते गं, सरकते."

आपण असं बोललो होतो हे ताई साफ विसरली होती. धाकट्याने मात्र ते ऐकलं होतं. कापण्याआधी पंचवीसदा तरी ऐकलं असेल. त्या ऑफिसात ती तावातावाने बोलत होती तेव्हाही त्याला ते ठाऊक होतं आणि तो एक अक्षर बोलला नव्हता. हा त्याचा भलेपणा तिला चोरीपेक्षाही झोंबला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "ऐकलंस, ताई?"

"नाही. वेळ कुणाला आहे?"

"ऐकणार आहेस?"

"तुला काय करायचंय?" म्हणून तिने फोन आपटला.

हल्ली दोघं बोलतात ते भावजयीमार्फत, तेही कामापुरतं. रेकॉर्डिंग फोनमध्येच आहे. ताईने ते पुन्हा लावलं नाही आणि पुसलंही नाही. पडदे शिवताना पूर्वी ती गुणगुणायची. आता गुणगुणत नाही. मशीन तेवढी चालू असते.