मामांची तारीख

कुत्र्याला राग आला, भूक लागली किंवा भीती वाटली हे कुणालाही कळतं. पण कुत्र्याचा अपमान झालाय हे ओळखणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हा माझ्या नशिबाचा भाग. माझे हे मामेसासरे कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाले. घर सोवळ्याओवळ्याचं. मामी अंड्याचा उल्लेखसुद्धा 'ते पांढरं' असा करतात. अशा घरात शिकारी कुत्री आली ती एका लग्नामुळे. मामा लातूरकडे कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. निघताना यजमानांनी शाल आणि नारळ हातात ठेवला. मामांनी नारळ परत केला आणि अंगणात लोळत असलेलं कारवानी जातीचं एक पिल्लू शालीत गुंडाळून घेतलं. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "काका, शालीत काय हाय?" मामा म्हणाले, "नातेवाईक." कंडक्टरनं शाल जराशी उचलून आत पाहिलं. लांबोडं तोंड, काटकुळे पाय, पोट पाठीला लागलेलं. तो हळहळून म्हणाला, "लयच आजारी दिसून राह्यले हो नातेवाईक," आणि त्यानं मामांना खिडकीजवळ जागा करून दिली.

पिल्लू घरी आलं, पण त्याला नाव मिळेना. "स्वभाव समजल्याशिवाय नाव कायचं ठेवता?" असं मामांचं म्हणणं. मामी तोवर 'अगं ए' वर भागवत होत्या. स्वभाव समजायला काही आठवडे गेले. ही कुत्री हाक मारली की येत नसे. मान वळवून एकदा बघायची, विचार करायची आणि पुन्हा डोळे मिटायची. आपल्या मर्जीनं आली तर समोरून वाऱ्यासारखी निघून जायची. मामांनी एक दिवस जाहीर केलं, "हिचं नाव तारीख. बोलावली तं येत नाही, अन् आली तं पुढं पळते." कोर्टातल्या वकिलांना हे कळल्यावर त्यांनी मामांचं रस्त्यानं जाणं-येणं कठीण करून टाकलं. "काय साहेब, तारीख मिळाली का?" असं कुणी विचारलं की मामा गंभीरपणे थांबत आणि तारखेनं सकाळी काय खाल्लं ते सांगत. खाणं म्हणजे दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, आणि 'ते पांढरं' मागच्या अंगणात वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यात, मामींची पाठ असताना.

मामांचा एक सिद्धांत होता. कुत्रे दोन प्रकारचे, एक नाकाचे आणि एक डोळ्याचे. "हे डोळ्याचं जनावर हाय, जवाईबुवा. जे दिसते तेवढंच जग. वासानं हुडकत बसणं हिच्या घराण्यात नाही." त्यामुळे तारखेला शिट्टी, चुटकी, आरडाओरडा यातलं काहीच लावायचं नाही, सगळा कारभार खुणांचा. खांद्यावरचा दुपट्टा उजवीकडे हलवला की पळायचं, दोन्ही हातांत ताणून धरला की थांबायचं. हे शिकवण्यासाठी मामींच्या जुन्या परकराचा एक तुकडा दोरीला बांधून मामा शाळेच्या मैदानावर भल्या सकाळी सायकल दामटत. पुढे मामा, मागे परकर, त्यामागे तारीख. फिरायला आलेली प्रतिष्ठित मंडळी कडेला उभी राहून हे दृश्य बघत आणि घरी जाऊन आपापल्या बायकांना सांगत. मग त्या बायका मामींना विचारत. शिकारीचं मात्र नाव काढायचं नाही. सारा जन्म कायद्याच्या सावलीत गेलेला माणूस. "ससा मेला तं आरोपी मीच होईन," ते म्हणत. "पळू द्या, पाहू द्या, पकडू नका." सशाच्या मागे पळण्यासाठी जन्माला आलेल्या जनावराला ससा न पकडण्याचं शिक्षण देणारे मामा हे बहुधा पहिलेच गुरू असावेत.

एकदा तारीख मामींच्या नव्या गोधडीवर झोपली. मामींनी आवाज चढवला, फारसा नाही, घरात आम्हां सगळ्यांवर चढतो तेवढाच. तारीख उठली, अंगणात भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिनं अन्न सोडलं. आम्हाला वाटलं पोट बिघडलं. मामा म्हणाले, "पोट चांगलं हाय. तिचा अपमान झाला." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामी पदर खोचून अंगणात गेल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "सासूची माफी मागितली नाही मी कधी. जेव आता माय." तारखेनं थोडा वेळ जाऊ दिला आणि मग जेवली. गोधडी त्या दिवसापासून तिची झाली.

सगळ्यात अवघड गेलं ते मुलूख बदलणं. तिचे आईबाप सपाट काळ्या रानात पळालेले. नजर जाईल तिथवर मोकळं. इथे मुरूम, दगड, घाणेरीची जाळी आणि मध्येच घाट तुटलेला. पहिल्या महिन्यातच तिचे तळवे फाटले. मामांनी हळद-तेल लावलं, आपले लोकरी पायमोजे कापून तिला घातले. ते तिनं खाल्ले. मग मामांनी स्वतःच्या चपला काढल्या. "कुठं टोचते हे आपल्याले कळल्याशिवाय तिले कसं न्यावं?" असं म्हणून ते तिच्याबरोबर अनवाणी हिंडू लागले. आधी डांबरी सडक, मग गवताचं मैदान, मग माळ, आणि सर्वांत शेवटी उतार. उतार ही वस्तू तारखेनं पाहिलेलीच नव्हती. पहिल्यांदा ती काठावर उभी राहिली आणि खोट्या साक्षीदाराकडे बघावं तशी मामांकडे बघत राहिली. मामा स्वतः बसून, घसरत खाली गेले. धोतराचं जे व्हायचं ते झालं. मग ती आडवी आडवी उतरली. वर्षभरात तिचे तळवे टणक झाले आणि मामांचेही. शेजारचे डॉक्टर मामांच्या टाचा बघून हात जोडत.

त्या हिवाळ्यात आम्ही देऊळघाटला मामांच्या धाकट्या भावाच्या शेतावर गेलो होतो. सोयाबीन निघालेलं, पलीकडे तूर उभी. चहा होत होता. बांधावरून ससा उठला आणि तारीख उठली. मामांनी दुपट्टा ताणून धरला, पण तिची पाठ होती. बघता बघता ती टेकडी ओलांडून पलीकडच्या दरीत उतरली आणि दिसेनाशी झाली. आम्ही थांबलो. ससा नाही, तारीख नाही. भावाचा चेहरा उतरला. त्या बाजूला कठडे नसलेल्या विहिरी, रानडुकरांसाठी कुणी कुणी लावलेले फास, आणि पुढच्या जंगलात बिबट्या. गडी चार दिशांना हाका मारत धावले. मी पण गळा मोकळा केला.

"ओरडू नका," मामा म्हणाले. "ती ऐकून येणार नाही. पाहून येईल." आणि ते टेकडीच्या बोडक्या माथ्यावर चढले.

मामांची चाल अवघ्या बुलढाण्याला ठाऊक आहे. डावं पाऊल बाहेर फेकलेलं, हात पाठीमागे, दर पावलाला मान डुलते. तीच चाल ते माथ्यावर चालू लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळून पुन्हा. मी वर जाऊन त्यांच्या सोबत निघालो तर त्यांनी मला खाली बसवलं. "तुम्ही बसा, जवाईबुवा. दोन माणसं दिसली तं ओळखणार नाही ती." मी दगडाआड बसलो. ऊन उतरलं, वारा सुटला. गडी एकेक करून रिकाम्या हातांनी परतले. भाऊ वर येऊन म्हणाला, "दादा, बस ना आता. पाय पाहा कसे थरथरून राह्यले." मामा थांबले नाहीत. चालता चालताच म्हणाले, "तिच्या मुलखात विहीरसुद्धा दुरून दिसते रे. मी आणलं तिले या दगडात. काऊन आणलं?" भाऊ माझ्याशेजारी दगडाआड येऊन बसला.

सूर्य टेकायला आला तेव्हा समोरच्या टेकडीच्या कडेवर एक बारीक रेघ उभी राहिली. मी ओरडणार तोच मामांनी हात वर केला. ते चालत राहिले, तसेच, मान डुलवत. रेघ बराच वेळ बघत होती. मग आडवी आडवी खाली उतरली, दरीत नाहीशी झाली, आणि कितीतरी वेळानं या बाजूनं वर आली. तीन पायांवर लंगडत. मामा गुडघ्यावर बसले, दोन्ही हात पुढे केले. तारीख त्यांच्या शेजारून सरळ पुढे गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली.

"अपमान झाला," मामा डोळे पुसत म्हणाले. "तिच्या मतानं मीच हरवलो होतो." मग त्यांनी रीतसर माफी मागितली, आम्हां सगळ्यांदेखत. ती मिळाल्यावर तिचं तोंड उघडून तपासलं. रक्ताचा थेंब नव्हता. मामांनी उभं राहून, कोर्टातला ठेवणीतला आवाज काढून सांगितलं, "ससा निर्दोष सुटला!" पायातला काटा मामींनी घरी काढला, आणि त्या रात्री 'ते पांढरं' पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिजलं.

याला आता बरीच वर्षं झाली. तारखेच्या डोळ्यांवर धुरकट साय धरली आहे. पशुवैद्य म्हणाले, वय झालं, काही करण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवसापासून मामांनी फिरताना तिच्याशी बोलायला सुरुवात केली. शेवटचा शब्द मामी बोलणार असं ठरलेल्या घरातला हा माणूस सकाळभर बोलत असतो. "खड्डा हाय बरं. मोटरसायकल येऊन राह्यली, इकडं ये. हे आपले जोशी वकील, यायचा वास घे." तिचा खांदा त्यांच्या धोतराला लागलेला असतो आणि कान त्यांच्याकडे असतात.

गेल्या महिन्यात मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. जिथे पठार संपतं आणि खाली मोताळ्याकडचा मुलूख पसरतो, तिथे ते दोघे रोज थांबतात. मामा तिला खालचं सांगतात. कापूस फुटला का, घाटातून कुठली एसटी चढते, कुणाच्या शेतात पाणी सुटलं. त्या दिवशी दाट धुकं होतं. मामा नेहमीप्रमाणे काठावर उभे राहिले, तारीख पायाशी बसली, तिनं कान वर केले. मामा बराच वेळ समोर बघत होते. मग खाली वाकून, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "थांब थोडं. आज मलेही काही दिसून नाही राह्यलं."