ज्ञानोबाच्या कागदावरचे दहा गुण

हॉस्टेलच्या खोलीतले किस्से ढेकणांसारखे साचतात. एक दिसला म्हणून गादी उलटावी, तर खाली अख्खं खानदान. परवा जुन्या वहीत चिंचोक्यांची पुडी सापडली आणि माझं तसंच झालं.

परभणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही चौघं एका खोलीत होतो. झरीचा सुधाकर, घरी भरपूर जमीन. मानवतचा मिलिंद, वर्गात पहिला. बोरीचा ज्ञानोबा, घरी मेंढरं. आणि समाज बदलायची घाई झालेला मी. माझ्या मावसभावानं पुण्याहून एका परदेशी खेळाची खबर आणली. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं कागदावर एक माणूस तयार करायचा, त्याला काय काय जमतं ते आकड्यांत लिहायचं आणि तो माणूस होऊन बोलायचं. त्यांच्यात तलवारी आणि जादूगार होते. मी म्हटलं, आपण आपलं गाव करू. नियम मी लिहिणार, कारण मला समता आणायची होती, निदान एका खोलीत तरी.

ज्ञानोबाला वेगळाच घोर होता. बोरीहून येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाबरोबर त्याच्या वडिलांचा निरोप यायचा, "शिकलास तेवढं बस. मेंढरं वाट बघायलीत." त्याला तर पदवी घ्यायची होती.

*

पहिलं भांडण गावाच्या नावावरून झालं. नामांतराचे दिवस. विद्यापीठाच्या नावावरून बाहेर मोर्चे निघत होते आणि आम्ही आत बसून गावाचं बारसं करायला निघालो. सुधाकर आणि मिलिंद दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मेसमध्ये मिलिंद म्हणाला, "नाव नकोच. नंबर द्या."

सुधाकर भाकरी मोडत म्हणाला, "चालंल. पण कितवा?"

*

नियम सोपा होता. प्रत्येकाला चाळीस गुण, ते हव्या त्या कौशल्यात वाटायचे, एकात जास्तीत जास्त दहा. काम निघालं की फोडलेले दहा चिंचोके फेकायचे. जितके पांढरे पडतील, निदान तितके गुण तुमच्या कागदावर त्या कौशल्यात असले तर काम फत्ते. म्हणजे दहा गुणवाला कधी हरत नाही आणि शून्यवाल्याचं काही खरं नाही.

सुधाकरनं दहा गुण टाकले 'बोलून पटवणे' यात. पहिल्याच डावात त्याचा बैल चिखलात रुतला. अंगात ताकद शून्य.

"आता काय करायलास?" मी विचारलं.

"बैलाशी बोलायलोय."

माझाच नियम. मी मान खाली घालून लिहिलं : बैल पटला.

*

जातीचा रकाना मी ठेवलाच नव्हता. हे मी मिलिंदला फार अभिमानानं सांगितलं. त्यानं कागद उलटसुलट पाहिला आणि शांतपणे विचारलं, "मग तुझ्या गावात विहिरीवर पाणी कसं मिळतं?"

मी ओशाळलो, नवं कौशल्य काढलं : पाणी मिळवणे, आणि सगळ्यांना गुण पुन्हा वाटायला सांगितले. मिलिंदनं त्यात आठ गुण टाकले. सुधाकर हसला. "पाण्याला कसलं आलंय कौशल्य?" त्यानं शून्य ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे सुधाकरचा माणूस विहिरीच्या काठावर तहानेनं मेला.

"आसं कुठं असतंय का!" सुधाकर ओरडला.

मिलिंद म्हणाला, "तुला आजच कळलं."

*

माझ्या यादीत मेंढरं राखणं नव्हतं. "त्यात काय, बसून तर राहायचं," एवढंच मी म्हणालो. ज्ञानोबा तीन दिवस भांडला. लांडग्याची चाहूल, खुरांचा रोग, नजरेनं मोजदाद. शेवटी मी हात जोडले. त्यानं आपल्या माणसाला स्वतःचंच नाव दिलं आणि ठळक लिहिलं : मेंढरं राखणे, दहा.

पुढच्याच रविवारी दुपारी त्याचे वडील दारात उभे. खांद्यावर घोंगडी. "चल, सामान बांध."

ज्ञानोबाचा चेहरा उतरला. तो पेटी ओढायला लागला. त्याच्या वडिलांना आम्ही मामाच म्हणायचो. मामा कॉटवर बसले आणि समोरचा कागद उचलून मला म्हणाले, "ह्ये काय हाय?"

"कुणाला काय जमतं ते लिहिलंय, मामा. हा ज्ञानोबाचा."

"वाच."

मी वाचलं. मेंढरं राखणे, दहा.

"धा म्हंजे किती?"

"पूर्ण. त्याच्या वर कुणी नाही."

मामांनी पोराकडे पाहिलं. पोरगं पेटीकडे पाहत होतं.

"दिवाळीत याला राखणीला बसवलं," मामा मला सांगू लागले. "ह्यो पुस्तकात. मेंढरं दुसऱ्याच्या हरबऱ्यात. मी शिव्या खायलोय अन् ह्यो पान उलटायलाय. खोड ते. शून्य लिव."

मी खोडलं. "पण मामा, दहा गुण उरले. ते कुठंतरी टाकावेच लागतात."

मामांनी खोलीभर नजर फिरवली. पुस्तकं, वह्या, खिडकीतली परीक्षानळी.

"हितं जे शिकवत्यात, त्यात टाक," ते म्हणाले आणि उठले.

आम्ही चौघं त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. बोरीवरून जाणारी जिंतूर गाडी लागली होती. मामांनी पायरीवर पाय ठेवला, थांबले आणि मला जवळ बोलावलं.

"त्ये शून्य खोड. एक कर," ते हळूच म्हणाले. "माझंच लेकरू हाय."