राखीव लाइन सुटेना

उत्तरा देव मूळची नागपूरची. अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावच्या एका कंपनीत ती दवाखान्यांची नेटवर्क सांभाळायची, आणि दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं तिच्या रक्तातच नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या मोजून वर डाळ बोटाने दाबून बघणारी बाई ती! कॉलेजला गेलेल्या लेकीला, अनिकाला, दिवसभर तिचे मेसेज: पोचलीस का, जेवलीस का, झोपलीस का.

यंदा तिच्याकडे दोन खेड्यांतल्या दवाखान्यांचं काम आलं. रोजच्या कामाला प्रत्येकाची एक लहान लाइन. एक्स-रेसारख्या जड फाइली निघाल्या, की राउटरने आपणहून राखीव लाइन जोडायची आणि काम संपलं की सोडायची. राखीव लाइन मात्र दोघांत एकच. उत्तराने खोट्या फाइलींची गर्दी पाठवून चाचणी घेतली. लाइन झटक्यात जोडली गेली, पण नंतर सुटेचना. पहिला दवाखाना ती धरून बसला आणि दुसऱ्यातले डॉक्टर एका मोडलेल्या हाताच्या एक्स-रेची वाट बघत राहिले.

उत्तराने खापर फोडलं ते लाइन पुरवणाऱ्या कंपनीतल्या ऋषीवर. पोरगा पुण्याचा, नवा, व्हिसावर आलेला. "ताई, आमच्या साइडने सगळं क्लिअर आहे," तो परोपरीने सांगायचा. तिने ऐकलं नाही. उलट त्याला या कामावरून काढा म्हणून मागणी केली, आणि त्याच्या साहेबांनी दुपारी दवाखान्यांसकट सगळ्यांची फोनवर मीटिंगही ठेवली. काम गेलेल्या माणसाचं व्हिसावर पुढे काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तीही त्याच वाटेने आली होती.

मीटिंगच्या जरा आधी अनिकाचा मेसेज आला. "आई, प्लीज स्टॉप! तू सारखी पिंग करतेस, मला फोन खाली ठेवताच येत नाही."

उत्तरा आधी चिडली, मग गारच पडली. राखीव लाइन जिवंत आहे ना, हे बघायला तिने स्वतःच एक प्रोग्रॅम पहाऱ्याला बसवला होता. तो घडीघडी त्याच लाइनवरून विचारायचा, आहेस का? राउटरला तेही कामच वाटायचं. काम चालू असताना तो लाइन सोडेल कशाला? काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि फाशी मात्र संन्याशाला!

मीटिंग सुरू होताच ती म्हणाली, "चूक ऋषीची नाही, माझी आहे. माझं मॉनिटरिंगच लाइन सोडू देत नव्हतं."

"उत्तरा, क्लायंट कॉलवर आहे यार," तिचा मॅनेजर सत्यजित पुटपुटला.

"असू दे."

तिने पहारा बंद केला. आता लाइन सुटली का? बोटं सवयीने कीबोर्डकडे गेली. पण तिने विचारलं, की लाइन पुन्हा अडकणार. तिने हात मांडीवर घेतले.

"ऋषी, मला इथून बघता येणार नाही. तुम्ही बघून सांगता का?"

पलीकडून ऋषीच्या कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"सुटली, ताई."

"बरं," उत्तरा म्हणाली, आणि तेवढ्या शब्दावर तिने चाचणी पास केली.