तांडेलाला मी पळवलं

माझा घोळ ऐकायचाय? मग चहा घ्या, पण हसाल ते बेतानं. यात गलबतभर माणसं बुडालेली आहेत.

बोर्लीत माझं होड्यांच्या इंजिनांचं दुकान. शाळा लवकर सुटली, तरी इंजिन कसं चालवावं याची मराठी माहितीपुस्तकं मीच लिहितो. 'तेल पाहिल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.' असली वाक्यं लिहून लिहून कंटाळलो आणि कादंबरी लिहायला घेतली. तीही ऐतिहासिक.

माझे मरहूम पणजोबा स्वतःच्या गलबतासकट बुडाले. कसे, ते आमच्या घरात कुणी बोलत नसे. मग मीच रचलं. गलबत हाकणारा तांडेल होडकं घेऊन पळाला आणि त्यानं मालकाला मरायला सोडलं. तांडेलाचं नाव मात्र बदललं. किती हुशार ना मी? गलबत एक, तांडेल एक, गावाला नाव कशाला लागतंय?

त्या तांडेलाचे नातू इब्राहीमचाचा माझे शेजारी. त्यांच्या नातीचं, सनाचं, खाडीपलीकडे मुरुडला ठरत आलं होतं. मुलाच्या बापानं माझी छापून आलेली कादंबरी वाचली आणि बोलणी थांबवली. पोरीनं जेवण सोडलं.

मी धावलो मुरुडला. "भाई, ते मी मनानं रचलंय."

"तुमचं इंजिनाचं पुस्तक माझ्या होडीवर आहे. त्यात एक अक्षर खोटं निघालं नाही."

"ते यंत्राबद्दल होतं हो."

"म्हणजे खोटं फक्त माणसांबद्दल लिहिता?"

तसाच परत आलो आणि चाचांच्या ओटीवर जाऊन बसलो.

"चाचा, माफ करा. खरं काय झालं ते मला ठाऊकच नाही."

"माला ठाव हाय. तू कदी इचारलास?" चाचांनी मान वर केली नाही. "येक खलाशी जिता आलेला, त्यानं सांगितलान. वारा फिरला. माजा आजा बोलला, शीड उतरवा. तुजा पणजा बोलला, गलबत माजा हाय. आनि सुकाणू हिसकावलान. सगली गेली. माजा आजा पन."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"माजा बाप पोरका झाला, त्याला तुज्या आजानं घरात घेऊन वाढवलान. मंग कसा बोलू?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा मुरुड. सगळं सांगितलं. मुलाच्या बापानं कादंबरी माझ्यापुढे सरकवली.

"हेही रचलेलं?"

"नाही."

"नसणारच. आपल्याच घराला काळं कोण फासून घेईल?"

निकाह ठरला आणि पारही पडला. नवरीला घेऊन वऱ्हाड दिघीच्या धक्क्यावरून होडीनं मुरुडला निघालं. मी सवयीनं मागे, इंजिनाजवळ जाऊन बसलो; इंजिन माझ्याच दुकानातलं. मुलाच्या बापानं माझा हात धरला, अगदी अदबीनं उठवलं आणि पार पुढे, बायकापोरांत नेऊन बसवलं.

"इथे बसा, शेठ," म्हणाला. "सुकाणूपासून लांब."